काउंटरवर सही दिसेना: डेटाबेस फंक्शनमधून प्रतिमा परत करण्याचं एक प्रकरण

लालबाग-परळ पट्ट्यातल्या एका पगारदारांच्या पतपेढीचं हे प्रकरण. मुख्य कार्यालय लालबागला, शाखा कुर्ला, भांडुप आणि मुलुंडला. सभासद पैसे काढायची स्लिप देतो, काउंटरवरचा कर्मचारी खाते क्रमांक टाकतो आणि स्क्रीनवर सभासदाचा फोटो आणि सहीचा नमुना येतो. स्लिपवरची सही नमुन्याशी ताडून पाहिली की स्लिप कॅशियरकडे जाते. आधी हे काम नमुना कार्डांवर चालायचं, त्यामुळे कार्ड ज्या शाखेच्या कपाटात त्याच शाखेत पैसे मिळायचे. भांडुपच्या सभासदाला लालबागलाही पैसे काढता यावेत म्हणून कार्डं स्कॅन करून डेटाबेसमध्ये भरली गेली. नवी सोय सुरू झाली तेव्हा चारही ठिकाणी सहीच्या जागी फाटक्या चित्राचं चिन्ह दिसत होतं. गणपतीच्या आधी पैसे काढायला रांग दारापर्यंत जाते, तेव्हा असं चालणार नव्हतं.

डेटाबेस पोस्टग्रेस, आवृत्ती १५. वर जावातलं वेब अ‍ॅप्लिकेशन, मध्ये पीजीबाउन्सर, म्हणजे डेटाबेसची कनेक्शनं वाटून वापरणारा प्रोग्राम. प्रतिमांचा टेबल अ‍ॅप्लिकेशनला थेट वाचता येत नाही. एकच फंक्शन चालवायची परवानगी आहे, त्याचं नाव सही_आणा असं धरू. हे फंक्शन खाते क्रमांक घेतं, प्रतिमा देतं आणि कोणत्या कर्मचाऱ्याने कोणाची सही केव्हा पाहिली याची नोंद एका वेगळ्या टेबलात करतं. फंक्शन वापरण्यामागे हे एकच कारण पुरेसं आहे. सहीचा नमुना म्हणजे पैसे काढायची किल्ली, आणि ती कोणी पाहिली हे ऑडिटरला सांगता आलं पाहिजे. असा हिशेब ठेवायचा नसता तर साध्या सिलेक्टने भागलं असतं.

खाली हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचे, आकडे आणि आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. उदाहरणासाठी सहीची एक पीएनजी फाइल घेऊ, आकार १८,४३२ बाइट.

पहिला अवतार: टेक्स्ट

फंक्शनच्या पहिल्या अवतारात परतीचा प्रकार टेक्स्ट होता आणि आत बायटीया (कच्चे बाइट ठेवायचा पोस्टग्रेसचा प्रकार) कॉलम टेक्स्टमध्ये कास्ट केलेला, म्हणजे त्या प्रकारात बदललेला होता. लिहिणाऱ्याचा समज असा की कास्ट केल्याने फक्त लेबल बदलतं, आतला माल तोच राहतो. पोस्टग्रेसमध्ये तसं होत नाही. बायटीयाचं टेक्स्ट करताना सुरुवातीला \एक्स अशी दोन अक्षरं लागतात आणि पुढे प्रत्येक बाइटसाठी हेक्सचे दोन अंक येतात. अ‍ॅप्लिकेशनने ती अक्षरं जशीच्या तशी उत्तरात टाकली आणि वर कंटेंट टाइप लिहिला इमेज/पीएनजी. ब्राउझरला पीएनजीऐवजी अक्षरांची लांबलचक ओळ मिळाली, आणि त्याने फाटकं चित्र दाखवलं.

हे ओळखायला ब्राउझरमधून तीच फाइल उतरवून आकार पाहणं पुरतं. मूळ १८,४३२ बाइट. उतरलेली फाइल ३६,८६६, म्हणजे बरोबर दुप्पट अधिक दोन. आकार असा जुळला की पुढे शोधायला नको, बाइटचं हेक्स टेक्स्ट झालेलं आहे.

इथे एक आडवळण. हा कास्ट बायटीया_आउटपुट या सेटिंगवर चालतो. आवृत्ती ९.० पासून त्याची मूळ किंमत हेक्स आहे, त्याआधी एस्केप होती. एखाद्या जुन्या प्रोग्रामसाठी कोणी एखाद्या रोलवर, म्हणजे डेटाबेसच्या वापरकर्त्यावर, हे सेटिंग एस्केप करून ठेवलं असेल, तर तेच फंक्शन त्या रोलला वेगळंच टेक्स्ट देतं. छापता न येणाऱ्या प्रत्येक बाइटची जागा तिरकी रेघ आणि तीन ऑक्टल अंक घेतात, आणि दुप्पट अधिक दोनचा हिशेब जुळत नाही. हेक्स खरोखरच हवा असेल तर कास्ट न करता एनकोड फंक्शनला हेक्स हा पर्याय द्यावा. ते सेटिंगकडे बघत नाही.

दुसरा अवतार: कन्व्हर्ट_फ्रॉम

हेक्स नको, म्हणून पुढचा प्रयत्न कन्व्हर्ट_फ्रॉम (बाइट ठरावीक एन्कोडिंगप्रमाणे वाचून टेक्स्ट देणारं फंक्शन) आणि यूटीएफ८ असा झाला. यात निदान लगेच एरर आली, हे चांगलंच झालं. यूटीएफ८ साठी ०एक्स८९ हा बाइट अवैध असल्याचं डेटाबेसने सांगितलं. पीएनजीचा पहिलाच बाइट ८९ असतो आणि यूटीएफ८ मध्ये त्या बाइटने अक्षर सुरू होऊच शकत नाही. फोटो जेपेग असतील तर तीच एरर एफएफ या बाइटवर येते, कारण जेपेगची सुरुवात एफएफ डी८ एफएफ अशी असते आणि एफएफ तर यूटीएफ८ मध्ये कुठेच चालत नाही.

मग कोणीतरी लॅटिन१ सुचवतो, कारण त्यात सगळे २५६ बाइट बसतात असं वाटतं. इथेही तेच सुचवलं गेलं. पण पोस्टग्रेसच्या टेक्स्टमध्ये शून्य बाइट बसत नाही, एन्कोडिंग कोणतंही असो. पीएनजीचा नववा बाइटच शून्य असतो, कारण पहिल्या तुकड्याची लांबी ०० ०० ०० ०डी अशी लिहिलेली असते. तेव्हा लॅटिन१ नवव्या बाइटवर अडकतं. प्रतिमा टेक्स्टमध्ये कोंबायची वाट इथे संपते. प्रतिमेचं टेक्स्ट करायचंच असेल तर हेक्स किंवा बेस६४ (दर तीन बाइटची चार साधी अक्षरं करायची पद्धत) असं ठरवून करावं, आणि उलट कोण करणार हेही आधी ठरवावं.

तिसरा अवतार: बेस६४, जो अर्धा चालला

तिसऱ्या अवतारात एनकोड फंक्शनने बेस६४ केलं आणि ते जेसनमध्ये घालून पाठवलं. काउंटरच्या स्क्रीनवर सह्या दिसू लागल्या. प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. मग पासबुकाच्या पहिल्या पानावर फोटो छापणारा जावातला वेगळा प्रोग्राम त्याच सेवेला जोडला, आणि तो प्रत्येक सभासदाच्या वेळी बंद पडायला लागला. संदेश असा: इल्लीगल बेस६४ कॅरॅक्टर ए.

या संदेशाने बराच वेळ खाल्ला, कारण ए हे तर बेस६४ मधलं सरळ वैध अक्षर. संदेशातला ए मात्र अक्षर नाही, हेक्समधली किंमत आहे, म्हणजे दहा, म्हणजे नवी ओळ. पोस्टग्रेसचं एनकोड बेस६४ करताना दर ७६ अक्षरांनंतर नवी ओळ घालतं, मेलसाठीच्या जुन्या नियमाप्रमाणे. आपल्या १८,४३२ बाइटच्या सहीची बेस६४ अक्षरं होतात २४,५७६ आणि त्यात नव्या ओळी ३२३, एकूण २४,८९९. ब्राउझर डेटा यूआरएल वाचताना अशा मोकळ्या जागा सोडून देतो, म्हणून स्क्रीनवर सगळं ठीक होतं. जावाचा साधा बेस६४ डिकोडर मात्र काटेकोर आहे, वर्णमालेबाहेरचं एकही अक्षर चालवून घेत नाही.

उपाय दोन. डेटाबेसमध्ये एनकोडच्या निकालावर रिप्लेस लावून नव्या ओळी काढाव्यात, किंवा जावात साध्या डिकोडरऐवजी नव्या ओळी सोडून देणारा माइम डिकोडर वापरावा. यातला पहिला बरा. बेस६४ वाचणारे उद्या आणखी निघतील आणि प्रत्येकाला ही खोड समजावत बसण्यापेक्षा एकाच जागी ती काढलेली बरी.

तरीही काउंटरसाठी बेस६४ ही वाट आम्ही चुकीचीच म्हणू. एक तृतीयांश वजन फुकट वाढतं. प्रतिमा जेसनच्या पोटात गेल्याने ती वेगळी मागवता येत नाही, आणि सभासदाचं नाव-शिल्लक दाखवायलाही सही येईपर्यंत थांबावं लागतं. जेसनमध्ये लहान चिन्हं, क्यूआर कोड अशा गोष्टी चालतात. फोटो आणि सह्या आपल्या वेगळ्या पत्त्यावरून बाइट म्हणूनच याव्यात.

बाइट ते बाइट

शेवटी फंक्शनचा परतीचा प्रकार बायटीया केला. वाटेत दोन ठिकाणी ठेच लागली.

पहिली ठेच: क्रिएट ऑर रिप्लेस लिहून परतीचा प्रकार बदलता येत नाही. पोस्टग्रेस स्पष्ट नकार देतं आणि आधी ड्रॉप करायला सांगतं. ड्रॉप केलं की त्या फंक्शनवर दिलेल्या आणि काढून घेतलेल्या सगळ्या परवानग्याही जातात. नवीन फंक्शन तयार होताना चालवायची परवानगी पब्लिकला, म्हणजे डेटाबेसमध्ये येणाऱ्या प्रत्येक रोलला, आपोआप मिळते. सही_आणा हे सिक्युरिटी डिफायनर फंक्शन आहे, म्हणजे ते मालकाच्या अधिकाराने चालतं. तेव्हा ड्रॉप आणि क्रिएट झाल्यावर रिव्होक (परवानगी काढून घेणं) विसरलं तर रिपोर्ट काढणाऱ्या रोललाही सगळ्या सह्या खुल्या होतात, आणि त्याबद्दल कुठे एरर येत नाही. ड्रॉप, क्रिएट, पब्लिककडून रिव्होक, काउंटरच्या रोलला ग्रँट हे चारही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायचे. पोस्टग्रेसमध्ये हे सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं, काही बिघडलं तर जुनं फंक्शन जागेवर राहतं. सिक्युरिटी डिफायनर फंक्शनवर सर्च_पाथही, म्हणजे टेबलं कुठे कुठे शोधायची तो क्रम, तिथेच बांधून टाकावा, शेवटी पीजी_टेम्प, म्हणजे टेम्पररी टेबलांची जागा, ठेवून. नाहीतर दुसऱ्या कोणी त्याच नावाचा टेम्पररी टेबल करून फंक्शनला फसवण्याची सोय राहते.

दुसरी ठेच जावाच्या बाजूला. फंक्शन बायटीया देऊ लागलं तरी कोडमध्ये गेटस्ट्रिंग तसंच राहिलं होतं, त्यामुळे हातात पुन्हा \एक्सने सुरू होणारं हेक्स टेक्स्टच आलं. तिथे गेटबाइट्स हवं. बाइट मिळाल्यावर ते उत्तरात लिहितानाही जपायचं. गेटरायटर अक्षरांसाठी आहे, बाइटसाठी गेटआउटपुटस्ट्रीम. मध्ये कोणी बाइटची यूटीएफ८ स्ट्रिंग करून परत बाइट केले, तर प्रत्येक अवैध बाइटच्या जागी ईएफ बीएफ बीडी हे तीन बाइट बसतात. त्यात मूळ माहिती कायमची जाते. हेक्स टेक्स्ट उलटं करता येतं, बेस६४ उलटं करता येतं. हे मात्र कोणालाच उलटं करता येत नाही.

म्हणूनच आधी फाइलचे पहिले बाइट पाहावेत, अंदाज नंतर बांधावेत. पीएनजीची खूण आठ बाइटची: ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए. ती दिसली तर पीएनजीची सुरुवात तरी शाबूत आहे, दोष पुढे कुठेतरी आहे, बहुधा कंटेंट टाइपमध्ये. ५सी ७८ ३८ ३९ दिसलं तर ते \एक्स८९ हे टेक्स्ट आहे. ६९ ५६ ४२ ४एफ दिसलं तर ते आयव्हीबीओ, म्हणजे बेस६४ केलेली पीएनजी कोणी उलगडलीच नाही. ईएफ बीएफ बीडी ५० ४ई ४७ दिसलं तर स्ट्रिंग करण्याचा घात झालेला आहे. आणि ८९ ५० ४ई ४७ नंतर थेट ०ए १ए आलं, मधला ०डी गायब, तर फाइल कुठेतरी टेक्स्ट मोडमध्ये नेली गेली आणि ओळींचे शेवट बदलले. पीएनजीच्या खुणेत ०डी ०ए आणि मग एकटा ०ए मुद्दाम ठेवले आहेत, असा प्रकार पहिल्या आठ बाइटातच उघडा पडावा म्हणून.

हे बाइट पाहायला डेटाबेसमधून फाइल बाहेर काढावी लागते, आणि तिथेही एक सापळा आहे. कॉपी आज्ञेला बायनरी फॉरमॅट देऊन एक प्रतिमा फाइलमध्ये काढली तर ती उघडत नाही. कॉपी बायनरी फॉरमॅटची स्वतःची वेष्टणं असतात: सुरुवातीला १९ बाइटचं हेडर, मग कॉलमांची संख्या २ बाइट, मग लांबी ४ बाइट, असे २५ बाइट पुढे आणि शेवटी समाप्तीचे २ बाइट. आपली १८,४३२ बाइटची सही त्यात १८,४५९ होते. ते कापत बसण्यापेक्षा पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन प्रोग्राममधून एनकोडने हेक्स काढावा, शीर्षक आणि चौकट बंद ठेवून, आणि तो एक्सएक्सडी या प्रोग्रामला उलट दिशेच्या पर्यायाने द्यावा. फाइल जशीच्या तशी मिळते, आणि जावा, पीजीबाउन्सर, ब्राउझर सगळे वगळून थेट टेबलातली प्रत पाहता येते. ती उघडली तर दोष टेबलाबाहेर आहे हे ठरतं.

तारेवरचं दुप्पट वजन

जावाचा ड्रायव्हर आणि पोस्टग्रेस यांच्यात बायटीया दोन प्रकारे जाऊ शकतं, टेक्स्ट म्हणजे हेक्स किंवा थेट बायनरी. ड्रायव्हर ठरलेल्या वेळा तीच क्वेरी चालल्यावर, मूळ सेटिंगप्रमाणे पाच, ती सर्व्हरवर प्रिपेअर करतो आणि मग बायनरीकडे वळतो. पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर प्रिपेअर केलेल्या क्वेरींचा घोळ होतो, म्हणून बरेच जण प्रिपेअरथ्रेशोल्ड शून्य ठेवतात. इथेही तसंच होतं. परिणाम असा की प्रत्येक सही हेक्समध्ये येते, दुप्पट वजनाने, आणि ड्रायव्हर ती उलगडून गेटबाइट्समध्ये देतो. निकाल बरोबरच येतो, फक्त वाटेत वजन जास्त.

याचं काय करायचं? सहीसाठी काही नाही. डेटाबेस आणि अ‍ॅप्लिकेशन एकाच खोलीत लालबागला आहेत. भांडुपच्या लाइनवर जातात ते अ‍ॅप्लिकेशनने दिलेले मूळ बाइटच. १८ हजारांऐवजी ३६ हजार बाइट आतल्या नेटवर्कवर गेले म्हणून काउंटरला फरक पडत नाही. हाच मार्ग उद्या ओळखपत्रांच्या काही एमबीच्या स्कॅनसाठी वापरला तर मात्र पडेल. पीजीबाउन्सरच्या १.२१ आवृत्तीपासून ट्रान्झॅक्शन मोडमध्येही प्रिपेअर केलेल्या क्वेरी सांभाळता येतात, तेव्हा ते सेटिंग परत उघडता येईल. खरं तर एवढ्या मोठ्या कागदपत्रांना डेटाबेसपेक्षा फाइल स्टोअर बरं, आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता आणि ठसा, म्हणजे फाइलच्या बाइटवरून काढलेला हॅश.

नोंद तिप्पट

प्रतिमेसोबत तिचा प्रकार आणि ठसाही एकदम मिळावा, म्हणून फंक्शन रिटर्न्स टेबल केलं, म्हणजे ते एका मूल्याऐवजी ओळी परत देऊ लागलं. तीन कॉलम: प्रतिमा, प्रकार, ठसा. ठसा एसएचए२५६ ने काढला, ते फंक्शन आवृत्ती ११ पासून आत आहेच. पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या फंक्शन लिहायच्या भाषेत एक छोटी अडचण येते: परतीच्या कॉलमाचं आणि टेबलातल्या कॉलमाचं नाव एकच असेल तर संदर्भ संदिग्ध असल्याची एरर मिळते. टेबलाला आतमध्ये उपनाव देऊन कॉलम त्या नावानेच लिहावेत.

यानंतर ऑडिटच्या टेबलात एक विचित्र गोष्ट दिसली. प्रत्येक पाहणीच्या तीन-तीन नोंदी. कर्मचारी एकदाच सही उघडत होता, ब्राउझरची विनंतीही एकच. शंका आधी ब्राउझरवर गेली, मग दोनदा क्लिक करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर. खरा धागा नोंदींच्या वेळेत होता: तिन्हींची वेळ मायक्रोसेकंदापर्यंत एकच. नोंदीत नाऊ वापरलं होतं, आणि नाऊ ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. म्हणजे तिन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमधल्या. माणूस कितीही घाईत क्लिक करो, असं होऊ शकत नाही.

कारण क्वेरीत सापडलं. सिलेक्टच्या यादीत फंक्शनचा निकाल कंसात घेऊन पुढे बिंदू आणि तारा लावलेला होता. पोस्टग्रेस अशा ताऱ्याचा विस्तार कॉलमांगणिक करतं आणि प्रत्येक कॉलमासाठी फंक्शन पुन्हा हाक मारून चालवतं. तीन कॉलम, तीन फेऱ्या, तीन नोंदी. चौथा कॉलम वाढवला असता तर चार झाल्या असत्या. हेच फंक्शन फ्रॉममध्ये लिहिलं, सिलेक्ट तारा फ्रॉम सही_आणा, की ते एकदाच चालतं. कंस आणि तारा दोन्ही काढून नुसतं फंक्शन सिलेक्टमध्ये लिहिलं तर नोंद एकच होते, पण निकाल एकाच कॉलमात संपूर्ण रेकॉर्ड म्हणून येतो, गोल कंसात, अवतरण चिन्हांत आणि दुहेरी तिरक्या रेघांसह. त्यातून प्रतिमा सोडवत बसणं म्हणजे पहिल्या अवताराकडे परत जाणं.

नोंद करणारं फंक्शन व्होलाटाइलच, म्हणजे डेटा बदलू शकणारं असंच, ठेवावं लागतं. वेग वाढेल म्हणून कोणी त्याला स्टेबल केलं तर आतला इन्सर्ट नाकारला जातो. रीड रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसच्या फक्त वाचायच्या प्रतीवर, पाठवलं तरी नाकारला जातो, कारण तिथे लिहिताच येत नाही. वाचनाचं काम आहे म्हणून ही विनंती रेप्लिकाकडे वळवण्याचा मोह होतो, तो आवरावा.

ब्राउझरच्या कॅशचाही इथेच विचार करायचा. ठसा आहे म्हणून तो ईटॅगमध्ये (फाइल बदलली का हे ब्राउझरला सांगणारं हेडर) घालून सही कॅश करता आली असती. पण कॅशमधून दिसलेली सही ऑडिटमध्ये येत नाही, आणि काउंटरचा संगणक दिवसभरात दोन-तीन जण वापरतात. तेव्हा उत्तरावर नो-स्टोअर, म्हणजे ब्राउझरने प्रत ठेवायची नाही. ठसा वापरायचा तो स्कॅन करताना एकच कार्ड दोन खात्यांना लागलं का हे शोधायला.

सही नसलेला सभासद

परतीचा प्रकार नुसता बायटीया होता तेव्हा आणखी एक गोची होती. ओळ सापडली नाही तरी नल (रिकामं मूल्य), ओळ आहे पण प्रतिमा नाही तरी नल. अ‍ॅप्लिकेशन दोन्हींत शून्य बाइटचं उत्तर २०० या कोडने पाठवत होतं, आणि स्क्रीनवर तेच फाटकं चित्र. कर्मचाऱ्याला कळायचं नाही की खाते क्रमांक चुकला, कार्ड स्कॅन व्हायचं राहिलं, की यंत्रणाच बिघडली. रिटर्न्स टेबल केल्यावर हे वेगळं करता आलं. एकही ओळ नाही म्हणजे खातं नाही, उत्तर ४०४. ओळ आहे आणि प्रतिमा नल म्हणजे स्कॅन बाकी, तिथे ‘नमुना कार्ड पाहा’ असं मराठीत लिहिलेलं उत्तर. फाटकं चित्र आता फक्त खऱ्या बिघाडालाच दिसतं.

प्रकार हा कॉलम फाइलच्या नावावरून भरायचा नाही. स्कॅन करणाऱ्यांनी जेपेग फाइलींना पीएनजी नाव दिलेलं असतंच. पहिले बाइट पाहून प्रकार ठरवावा, सबस्ट्रिंगने पीएनजीसाठी पहिले आठ आणि जेपेगसाठी पहिले तीन. कंटेंट टाइपसोबत नोस्निफ हे हेडरही द्यावं, म्हणजे ब्राउझर आपल्या मनाने प्रकार ठरवत नाही.

साठवणीबद्दल थोडक्यात. दोन केबीच्या आसपासच्या पुढची ओळ झाली की पोस्टग्रेस मोठे कॉलम टोस्टमध्ये, म्हणजे बाजूच्या टेबलात तुकड्यांनी ठेवतं. पीएनजी आणि जेपेग आधीच दाबलेले असतात, त्यांना पुन्हा दाबायचा प्रयत्न व्यर्थ. कॉलमाची साठवण एक्स्टर्नल केली की तो प्रयत्न टळतो आणि सबस्ट्रिंगला लागतील तेवढेच तुकडे वाचले जातात. हा बदल नव्याने लिहिलेल्या ओळींनाच लागू होतो. नुसता आकार हवा असेल तर ऑक्टेट_लेंग्थ प्रतिमा न वाचताच तो सांगतं. आणि सभासदांच्या यादीत सिलेक्ट तारा लिहू नये. कॉलम मागितला नाही तर टोस्टला हात लागत नाही, मागितला तर यादीतल्या प्रत्येकाची सही ओढून आणली जाते.

जुन्या ओळी

फंक्शन, ड्रायव्हर, उत्तर सगळं दुरुस्त झालं, तरी काही सभासदांच्या सह्या दिसेनात. यांच्यात एक साम्य होतं: हे नमुने जुन्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्हीने आणलेले होते. त्या सीएसव्हीत प्रतिमा हेक्समध्ये होती, आणि आणणाऱ्या प्रोग्रामने हेक्स न उलगडता ती अक्षरंच बाइट म्हणून भरली. टेबलात बायटीया आहे, पण त्याच्या आत टेक्स्ट. खूण तीच, पहिले दोन बाइट ५सी ७८.

हे दुरुस्त होण्यासारखं आहे. ज्या ओळींचे पहिले दोन बाइट ५सी ७८ आहेत तेवढ्याच निवडायच्या. त्यांच्यावर कन्व्हर्ट_फ्रॉम यूटीएफ८ चालवायचं, इथे ते योग्यच आहे, कारण आत खरोखर साधी अक्षरं आहेत. तिसऱ्या अक्षरापासून पुढचा भाग घेऊन डीकोडला हेक्स म्हणून द्यायचा आणि निकाल परत त्याच कॉलमात लिहायचा. अपडेटआधी हीच क्वेरी सिलेक्ट म्हणून चालवून उलगडलेल्या प्रतिमेचे पहिले आठ बाइट पीएनजीशी जुळतात का हे पाहायचं. हेक्सची अक्षरसंख्या विषम असेल तर डीकोड एरर देतं. जुन्या कॉलमाच्या रुंदीत शेपूट कापलं गेलं की असं होऊ शकतं.

शेपूट तुटलेलं नेहमी असं आरडाओरडा करत नाही. म्हणून शेवटचे बाइटही तपासले. पूर्ण पीएनजी ४९ ४५ ४ई ४४ एई ४२ ६० ८२ ने संपते, जेपेग सहसा एफएफ डी९ ने. सुरुवात बरोबर आणि शेवट नाही, अशा पीएनजीची वरची अर्धी सही काही वेळा दिसतेही, आणि सही ताडताना अर्धी सही ही न दिसणाऱ्या सहीपेक्षा जास्त धोक्याची. या ओळी, तसंच ०डी हरवलेल्या ओळी, दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये. कोणता ०ए मूळचा आणि कोणता बदललेला हे सांगता येत नाही. त्यांची यादी शाखावार काढून कपाटातली कार्डं पुन्हा स्कॅन करायला दिली.

पुन्हा असं होऊ नये म्हणून टेबलावर चेक, म्हणजे डेटा भरताना तपासली जाणारी अट, लावला: प्रतिमा नल असेल, किंवा पीएनजीच्या आठ बाइटने किंवा जेपेगच्या तीन बाइटने सुरू होत असेल. तो नॉट व्हॅलिड म्हणून लावला, म्हणजे जुन्या ओळी न तपासता नव्या लिखाणावर लगेच लागू होतो. मात्र तो जुन्या बिघडलेल्या ओळीच्या कोणत्याही अपडेटलाही लागू होतो. त्या ओळीत नुसती स्कॅनची तारीख बदलायला गेलं तरी नकार मिळतो. म्हणून ज्यांचं स्कॅन बाकी आहे त्यांच्या प्रतिमा आधी नल केल्या, जेणेकरून काउंटरवर ‘नमुना कार्ड पाहा’ दिसेल. सगळ्या ओळी चेकमध्ये बसल्यावर व्हॅलिडेट चालवलं. तुटलेलं शेपूट या चेकला कळत नाही. ती तपासणी स्कॅन भरणाऱ्या प्रोग्राममध्ये ठेवली आहे.